उन्हातला कावळा

ते राहू दे, ते सगळं तुमच्या शाळेतल्या मिसेस हॉलंडरला सांग, मला नको — आणि आधी दार लाव बघू. दार लाव. नुसतं लोटू नकोस, खटका पडेपर्यंत लाव. सगळ्या ॲरिझोनाला गार हवा पुरवायचा मक्ता नाही घेतलेला आम्ही. ऑक्टोबर उजाडला तरी मेली ही उन्हं काही हटत नाहीत. हं. चपला तिथेच काढ, कार्पेटवर नको. आणि हळू बोल, आत अमित झोपलाय, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. तुला फोनवर काय सांगितलं होतं मी? येऊ नकोस म्हटलं होतं ना? स्पष्ट म्हटलं होतं. ‘दहाच मिनिटं वहिनी, चित्र दाखवते आणि जाते’ — अगं, चित्र काय दाखवतेस, माझीच मुलगी ती, माझ्याच घरात राहते, तिची चित्रं मला दाखवायला टेंपीहून तू येणार? बस. आलीच आहेस तर बस. चहा टाकणार नाहीये मी, आधीच सांगते. — तिथे नको, ती दादांची खुर्ची. इकडे बस.

दादा म्हणजे माझे सासरे. बाहेर गेलेत, टपालाची पेटी बघायला. कोपऱ्यावर आहे ना ती, सगळ्या गल्लीची मिळून एक, तिथे. येतीलच. थांब हं, एक मिनिट — ह्या दाराच्या भोकातून नीट दिसतही नाही — नाही, कोणी नाही. काही नाही गं, मी बघते मधूनमधून. सवय आहे. तू बोल. म्हणजे नको बोलूस, मीच बोलते, तुझं फोनवर ऐकून घेतलंय. एवढी शिकलेली मुलगी तू, नागपूरहून इथे पीएच.डी. करायला आलीस, मुलं कशी शिकतात त्याच्यावर मोठा प्रबंध लिहितेस म्हणे, दर बुधवारी रुपालीच्या वर्गात व्हॉलंटिअर म्हणून जातेस. छान आहे. मला कौतुक होतं. इथल्या मराठी मंडळातली शोभा म्हणाली, अगं वर्गात एक मराठी मुलगी यायला लागलीय, तेव्हा मला बरंच वाटलं होतं, म्हटलं चला, आपलं कोणीतरी असेल तिथे पोरीच्या जवळ. आता नाही वाटत बरं.

मला एक सांग, ही ऑस्ट्रेलिया आली कुठून मध्येच? तुमच्या हॉलंडरबाई उन्हाळ्यात फिरायला गेल्या ऑस्ट्रेलियाला. ठीक आहे, गेल्या. तिथल्या आदिवासींची चित्रं बघितली, स्लाइड्स काढून आणल्या, पडद्यावर दाखवल्या. ठीक. बघा आणि घरी जा ना! नाही. तर म्हणे मुलांनीही करायची. किराण्याच्या तपकिरी पिशव्या फाडायच्या, चुरगळायच्या, पुन्हा सपाट करायच्या — झाडाच्या सालीसारखं दिसतं म्हणे — आणि त्याच्यावर कान साफ करायच्या काड्यांनी ठिपके द्यायचे. बाळासाठी आणून ठेवलेला काड्यांचा अख्खा डबा नेला कार्टीने! विचारलं तर ‘इट्स फॉर स्कूल, मॉम.’ रोज संध्याकाळी इथे, ह्या टेबलावर, ठिपके, ठिपके, ठिपके. ठिपके आम्हाला शिकवायला ऑस्ट्रेलिया कशाला पाहिजे? माझी आई दिवाळीला दारात ठिपक्यांची अशी रांगोळी काढायची की माणसं ओलांडून न जाता वळसा घालून जायची. पण ते नाही. इथे म्हणे वाटीसारखी वाकडी रेघ काढली की तो बसलेला माणूस, गोलात गोल काढला की तो मुक्काम, पावलं काढली की चालला. बरं. तेही चाललं असतं.

मग तुम्ही काय केलंत? तुम्ही म्हणालात — आणि ही कल्पना तुझी, मिसेस हॉलंडरची नाही, मला माहितीय, रुपालीने सांगितलं मला — तुम्ही म्हणालात की त्या लोकांच्या गोष्टी त्या लोकांच्या, त्यांच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेल्या, त्या आपण उचलायच्या नाहीत. आपण आपापल्या घरची गोष्ट सांगायची. घरची! ‘अ स्टोरी दॅट इज टोल्ड इन युअर हाउस.’ कोणी सांगितलं होतं तुला घरात शिरायला? रामायण होतं, महाभारत होतं, शिवाजी महाराज होते. शोभाच्या पोरीने बघ, त्याच वर्गात, गणपतीला चंद्र हसला ती गोष्ट काढली. सुंदर. लाल-पिवळा गणपती, निळा चंद्र, बघणाऱ्यालाही कळतं, आईबापांनाही मिरवता येतं. आणि आमच्या बाईसाहेबांनी काय काढलं? काऊ-चिऊ! नऊ वर्षांची घोडी, आणि काऊ-चिऊ काढते, जी आपल्याकडे तान्ह्या पोराला भरवताना सांगतात.

तुला माहीतच असेल ती. नागपूरला काही वेगळी सांगत नसतील. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. एकदा मोठ्ठा पाऊस येतो आणि कावळ्याचं घर वाहून जातं. मग कावळा चिमणीच्या दाराशी — चिऊताई, चिऊताई, दार उघड. आणि चिमणी आतून, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. पुन्हा, चिऊताई, चिऊताई, दार उघड — थांब, माझ्या बाळाचं अंग पुसू दे. थांब, टोपडं घालू दे. थांब, काजळ लावू दे. थांब, निजवू दे. आणि शेवटी उघडते. उघडते ना? दादांच्या गोष्टीत तर उघडते, आणि कावळ्याला गरम गरम खिचडी वाढते, वर तुपाची धार. झाली गोष्ट! ह्यात काय आहे एवढं, की तू उठून माझ्या घरी येतेस? पोरांची गोष्ट आहे.

आण, बघू दे. आणलंयस ना गुंडाळून? मी काही आंधळी नाही, टेबलावर करत होती तेव्हा बघितलंय मी, अर्धं झालं होतं तेव्हाच बघितलंय. पसर इथे. कोपऱ्यावर ती बाटली ठेव, नाहीतर गुंडाळतंय. — हं. बघ. तूच बघ, शिकलेली आहेस ना. पाऊस कुठाय? मला पाऊस दाखव ह्याच्यात. पावसाशिवाय काऊ-चिऊची गोष्ट कोणी ऐकलीय? हे वर काय काढलंय? सूर्य. पिशवीचा अर्धा भाग नुसता सूर्य. लाल ठिपके, नारिंगी ठिपके, वरून खालपर्यंत, जणू आग ओततंय कोणी. आणि हे चिमणीचं घर, पिवळं. वितळतंय. बघ, पिवळे ठिपके खाली ओघळत आणलेत जमिनीपर्यंत. मेणाचं ना. उन्हात वितळणारच मेण. काय डोकं चालवलंय कार्टीने! मी तेव्हाच विचारलं. म्हटलं, रुपाली, पाऊस कुठे गेला? तर मान वर न करता, ‘इट डझन्ट रेन हिअर, मॉम.’ झालं. लगेच पुढचा ठिपका.

आणि हा बाहेर कावळा, ही वाकडी रेघ, भिंतीला टेकून बसलाय. आणि इथे आत दाराजवळ चिमणी. एवढीशी. केवढी काढलीय बघ मला — नखाएवढी! आईला एवढीशी काढायची आणि बाहेर सगळ्यांना दाखवायची. आणि ही आत पाळण्याजवळ मोठी कोण आणखी, दाराकडे पाठ करून? ही गोष्टीत नसतेच. हिच्या डोळ्याच्या जागी नुसती रेघ. पण ती रिकामी जागा भरायला काहीतरी काढली असेल. मला तिचं काही नाही. मला ही दारातली दिसतेय. दारातली, खटक्याकडे बघत उभी असलेली, उघडत नाहीये ती.

काय बघतेस माझ्याकडे अशी? ‘तुम्ही?’ म्हणजे? — हो, मी म्हणाले मला काढलंय म्हणून. मग? तुला माहीत नाही असं दाखवू नकोस. बोलली असेल रुपाली तुझ्याजवळ. घरात तोंडाला कुलूप, ‘आय अ‍ॅम फाइन, मॉम’, आणि तुझ्याजवळ सगळं ओकली असेल. आणि तू आता इथे बसून चेहरा असा केलायस की मी कोणी राक्षसीण आहे. तुला काय माहितीय गं? लग्न नाही, मूल नाही, रात्री झोपतेस, सकाळी उठतेस, लायब्ररीत जातेस. अर्धवट ऐकून आलीस ना? मग आता नीट ऐकून जा. अर्धवट घेऊन जाऊ नकोस इथून.

जून महिना. शाळेला सुट्टी. अमित तीन महिन्यांचा, रात्रभर माझ्या खांद्यावर. आई नाही माझी, सासू गेली, बाळंतपणाला इथे कोण येणार? दादा आले. एकटे पडले होते तिकडे म्हणून नरेंद्रने बोलावून घेतलं. माझा नवरा. बापासाठी जीव टाकतो तो. पण घरात असतो का? कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात शिफ्ट, सकाळी गेला की रात्रीच येतो, रविवारीसुद्धा फोन आला की पळतो. मग घरात कोण? मी, बाळ, रुपाली आणि दादा. माणूस वाईट नाही, मी म्हणत नाही वाईट. पण दार उघडं टाकायचे. सारखे आतबाहेर, आतबाहेर, गावाकडे दार दिवसभर उघडं असतं ना. इथे विजेचं बिल बघून नरेंद्र ओरडणार मला. म्हणून सांगितलं, दादा, बाहेर गेलात की दार ओढून घ्यायचं, ते आपोआप लागतं. किल्ली दिली नव्हती, किल्ली हरवली असती त्यांनी. आणि बेल वाजवायची नाही, बेलने बाळ दचकतं. ऐकलं त्यांनी, सगळं ऐकलं. बोटाने टकटक करायचे, अशी, एवढीशी, आणि दाराला तोंड लावून म्हणायचे, चिऊताई, चिऊताई, दार उघड. की ही रुपाली आतून धावत सुटायची, ‘थांब, माझ्या बालाला नाऊ गालू दे!’ — मराठी तिचं हे असं — आणि मग खिदळत दार उघडायची. रोजचा खेळ त्यांचा. दुपारी टपाल बघून आले की. मलाही हसू यायचं कधीकधी. हो, मलाही.

मग तो शनिवार आला. शोभाकडे सत्यनारायण होता. सगळं मंडळ जमलेलं, तीसेक माणसं, पुरुष इकडे, बायका तिकडे, ताटं हातात. आणि दादा काय म्हणाले माहितीय? कोणीतरी विचारलं, काय दादा, सुनेच्या हातचं मानवलं का अमेरिकेत? तर म्हणाले, ‘आमच्याकडे भाजी सोमवारी होते आणि शुक्रवारपर्यंत पुरते.’ हसले सगळे. नरेंद्रही हसला! मी प्रसादाची वाटी हातात घेऊन उभी. अंगाला तीन महिन्यांचं पोर बांधलेलं, केस कधी विंचरले आठवत नाही, पहाटे चारपासून जागी, त्या माणसाच्या भाकरीसाठी मी ज्वारीचं पीठ शोधत हिंडले होते अख्ख्या फिनिक्समध्ये — आणि हसले. गंमत केली म्हणे. म्हाताऱ्या माणसाची गंमत. रविवार तसाच गेला. माझ्या डोक्यातून जाईना. सोमवारी ताजी भाजी केली, मुद्दाम, भरली वांगी केली, दाण्याचं कूट घालून. आणि वांगी शिजत असताना दादा गेले टपाल बघायला.

आणि आले परत. टकटक. चिऊताई, चिऊताई, दार उघड.

रुपाली धावली. मी म्हटलं, थांब. उघडू नकोस. बाळाला टबात घातलं होतं मी, दोन्ही हात ओले. म्हटलं, जरा थांबू दे त्यांना बाहेर. कळू दे. मी सांगेन तेव्हा उघड. — एवढंच. एवढंच म्हटलं मी! कोणती बाई म्हणणार नाही? पाच मिनिटं. मला वाटलं पाच मिनिटं, थोडा घाम येईल, आत येतील तर गप्प येतील. पुन्हा टकटक झाली. मी म्हटलं, थांब, अंग पुसू दे ह्याचं. पावडर लावली, लंगोट बांधला, झबलं घातलं. त्याला दूध पाहिजे होतं, पदराखाली घेतलं, पलंगावर आडवी झाले. अडीच रात्री झोपले नव्हते गं. डोळा लागला. माणूस आहे मी. डोळा लागला माझा.

किती वेळ? मला काय माहीत किती वेळ, घड्याळ लावून बसले होते का मी? जागी झाले तर वांगी करपल्याचा वास घरभर, आणि रुपाली इथे, ह्या इथे, दाराजवळ उभी. जिथे ठेवून गेले होते तिथेच. हात खटक्याजवळ, लावलेला नाही, नुसता जवळ. मी उघडलं दार. बाहेर भट्टी. एकशे बारा डिग्री, म्हणजे आपल्याकडची चव्वेचाळीस, होती त्या दिवशी, रेडिओवर सारखे सांगत होते. दादा भिंतीला टेकून बसले होते, त्या उंबऱ्याएवढ्या सावलीत पाय ओढून घेऊन, ओठ असे पांढरे, आणि काहीतरी बोलत होते. माझ्याशी नाही. कोणाशीतरी. वाळूत बोटाने ठिपके मांडत होते.

आहेत, आहेत, घाबरू नकोस, सांगितलं ना टपाल बघायला गेलेत. वाचले. ॲम्ब्युलन्स आली, सलाईन लागलं, दोन-तीन दिवस दवाखान्यात, परत आले. आणि नरेंद्रने विचारलं तेव्हा काय म्हणाले? ‘मीच लांब गेलो रे, कालव्यापर्यंत. ऊन कळलंच नाही.’ मी विचारलं नव्हतं त्यांना तसं सांगायला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सांगितलं. नरेंद्र बापावर ओरडला, किती ओरडला, दादा तुम्ही ऐकतच नाही कोणाचं, हे काय कऱ्हाड आहे का? आणि ते मान खाली घालून ऐकत होते. मी तिथे मोसंबी सोलत होते. मी कशी बोलणार मध्ये? सांग ना. तू असतीस तर बोलली असतीस? हो म्हणू नकोस पटकन. लायब्ररीतून हो म्हणणं सोपं असतं.

आता किल्ली दिलीय मी. दोरीत ओवून गळ्यात घातलीय त्यांच्या. वापरत नाहीत. आणि टकटकही करत नाहीत. येतात आणि नुसते उभे राहतात बाहेर, मी बघेन तेव्हा बघेन. म्हणून उठते मी सारखी. थांब — नाही. नाही आले अजून. आणि गोष्ट सांगत नाहीत आता. रुपालीही मागत नाही. मी म्हटलं एकदा, दादा, सांगा की हिला काही, तर म्हणाले, मोठी झाली ती आता. मोठी कुठली, नऊ वर्षांची आहे. घरात आवाज नाही कसला, टीव्हीचा सोडून.

तर आता हे ऐक. उद्या संध्याकाळी तुमचं ओपन हाउस. सगळे आईबाप येणार, शोभा येणार तिच्या गणपतीचं कौतुक करून घ्यायला. नरेंद्रने सुट्टी घेतलीय — बाळंतपणाला घेतली नव्हती, आता घेतलीय — ऑफिसातल्या मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणलाय, तो बघ तिथे चार्जिंगला लावलाय. दादांना घेऊन जाणार, पुढच्या रांगेत बसवणार. आणि मग प्रत्येक मूल म्हणे आपल्या चित्राजवळ उभं राहून गोष्ट सांगणार. माइकवर! आणि माझी मुलगी तिथे उभी राहून, नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, अख्ख्या गावासमोर सांगणार की माझ्या आईने दार उघडलं नाही. आणि नरेंद्र ते कॅमेऱ्यात भरून घेणार. हे पाहिजे का तुला? माझा संसार मोडला की तुझा प्रबंध पुरा होणार आहे का? त्याला कळलं ना, सुलेखा, तो मला तोंडावर काही बोलणार नाही, तसा नाही तो. तो नुसता बघेल माझ्याकडे. आयुष्यभर बघेल.

म्हणून चित्र राहणार इथे. तू सांग मिसेस हॉलंडरला, हरवलं. रंग सांडला म्हण. बाळाने फाडलं म्हण, माझ्या बाळावर घाल, चालेल मला. आणि रुपालीला मी आज रात्री दुसरं काहीतरी करून देते, मोर करून देते, ठिपक्यांचा मोर, बघत राहतील सगळे. सोड. सोड ते चित्र, सुलेखा. मी माझ्या मुलीचं चित्र घेतेय, तुझं नाही. तिने माझी चहाडी केलीय सगळ्या जगापुढे, आणि तू तिला शाबासकी —

काय?

काय म्हणालीस? परत बोल.

नाही, हे काहीतरीच. तुला कळलं नसेल नीट. ही? दारातली? ही मी आहे. गोष्टीत चिमणी आई असते ना, बाळ असतं तिला, मग मीच — तुला कोणी सांगितलं? तिने? तिच्या तोंडाने? जसं बोलली तसं सांग, मराठी करू नकोस. — ‘द स्पॅरो इज मी.’ — पुढे? — ‘मॉम वॉज अस्लीप. आय वॉज अवेक. आय कुड हॅव ओपन्ड इट.’

आणि म्हणून आलीस तू. शेवट काढत नाही, रडते, शेवट विचारला की रडते, म्हणून आलीस. बाकीचं तुला माहीतच नव्हतं. तिने सांगितलंच नव्हतं तुला. माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं तिने. आणि मी इथे बसून — अगं, मग बोलायचं नाहीस का आधी? एवढा वेळ मला बोलू दिलंस! तोंड नाही का तुला? ...नाही. मीच म्हटलं बोलू नकोस म्हणून.

रोज तीच असायची चिमणी. मीच तुला सांगितलं आत्ता. रोज तीच धावायची दाराकडे. एवढीशी. म्हणून एवढीशी काढलीय. आणि ही पाठ फिरवलेली, मोठी, ती मी. हा डोळा मिटलेला काढलाय तिने. पोरीने मला झोपवून टाकलं ह्या चित्रात. सगळ्यांना सांगायला की आई झोपली होती, आईला काय माहीत.

झोपले नव्हते मी. पडले होते. ऐकू येत होती टकटक. हळूहळू होत गेली ना, ती सगळी ऐकली मी. ती थांबली तेव्हा डोळा लागला.

हात लावू नकोस मला. पाणीबिणी काही नको. नको म्हटलं ना! तू काय मला समजावणार? जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर — ती माझ्या शेजारी जेवायला बसतेय, डबा नेतेय, बाळाला खेळवतेय, आणि तिला वाटतंय तिने मारलं असतं आजोबांना. मी रोज तिचे केस विंचरते गं. रोज दोन वेण्या घालते. आणि मला वाटत होतं ही माझ्यावर रागावलीय, म्हणून मीही तुटून बोलत होते तिच्याशी. कशाला तोंड फुगवतेस म्हणत होते.

ऊठ. ऊठ तू आता, झाली तुझी दहा मिनिटं. हे घे. घे ते चित्र, नीट गुंडाळ, ओघळलेल्या पिवळ्याला हात लावू नकोस, पोपडे निघतात. उद्या लाव जिथे लावायचंय तिथे. मधोमध लाव. तिला काय सांगायचं आणि नरेंद्रला काय सांगायचं ते आज माझं मी सांगेन, तू मध्ये पडायचं नाहीस, आणि शोभाला एक शब्द कळला तर बघ मग. चपला घाल. जा. रडतेस काय, रडायचं काही काम नाहीये तुझं इथे. जा म्हटलं ना.

आणि दार ओढू नकोस. हो, एसी चालू आहे, कळतंय मला. राहू दे. दादा यायचेत, उघडंच राहू दे ते.